मदत हवी आहे : वेरूळ-अजिंठा, लोणार आणि पुढे जंगल, गाडीने

नमस्कार मंडळी,

भाऊबीज झाली की आई-बाबांना घेऊन पुण्याहून गाडीने निघायचं ठरतंय. ड्रायव्हर मी एकटाच.

वारांचा घोळ असा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद आणि ताडोब्याचं कोअरही (जंगलाचा आतला मुख्य भाग) मंगळवारीच बंद. त्यामुळे शनिवारी पहाटे निघून दुपारी वेरूळ, रविवारी अजिंठा, सोमवारी लोणार, मंगळवारी चिखलदरा असं जुळवलंय. वेरूळला 34 लेणी आहेत. एका दुपारी कैलास म्हणजे 16 नंबर आणि टोकाची जैन लेणी होतात का? कैलास उरकायला मन तयार नाही, हवं तर बाकीची सोडू. बाबांचे गुडघे कुरकुरतात. अजिंठ्याला फर्दापूरला गाडी लावून एसटीने वर जायचं हे माहीत आहे, पण पुढच्या पायऱ्यांसाठी डोली रविवारच्या गर्दीत मिळते का?

चिखलदऱ्याला बाबांना गाविलगड बघायचाच आहे (1803 ची इंग्रज-मराठे लढाई त्यांना तोंडपाठ आहे, आम्हालाही झालीये). गाडी किल्ल्याच्या किती जवळ जाते?

आता खरा प्रश्न. मेळघाटातच सेमाडोहला दोन मुक्काम करावेत, की तिथून ताडोबा गाठावं? वाघ दिसण्याची आशा ताडोब्यात जास्त, पण परतीला आख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागेल. माझा कल मेळघाटाकडे आहे, आईचा वाघाकडे.

लोणारला सरोवराजवळ साधी, स्वच्छ राहायची सोय कुणी वापरली असेल तर तीही सांगा.