थेरेमिनखेरीजही बरंच काही आहे

जुन्या, स्वस्तातल्या भयपटांच्या संगीताचा विषय निघाला की थेरेमिनच्या (हात न लावता वाजवायच्या विद्युत वाद्याच्या) कापऱ्या सुरांवर छान लिहिलं जातं, पण या भयपटांची गाणीही तितकीच मोलाची आहेत. १९५८चा 'द ब्लॉब' घ्या. माणसं गिळत फुगत जाणारा जेलीचा गोळा पडद्यावर येण्याआधी श्रेयनामावलीवर चक्क नाचायला लावणारं गाणं वाजतं! लॅटिन ठेका, खट्याळ सॅक्सोफोन आणि मधेच गालात बोट घालून काढतात तसा 'पॉक्' आवाज. चाल अमेरिकी संगीतकार बर्ट बॅकरॅकची, तेव्हा तो तिशीचा होता. गायकांचं नाव 'द फाइव्ह ब्लॉब्ज', पण असा गट नव्हताच. बर्नी नी या एकाच गायकाने स्वतःच्या आवाजाचे थर एकावर एक चढवले. पुढे हळवी प्रेमगीतं देणारा बॅकरॅक इथे जो मोकळेपणा दाखवतो, तो मला फार आवडतो.

'द हॉरर ऑफ पार्टी बीच'मधलं (१९६४) डेल-एअर्स या बँडचं 'झॉम्बी स्टॉम्प' हे गाणंही ऐकाच.

आणि 'स्पायडर बेबी'! तिथे शीर्षकगीत खुद्द लॉन चेनी ज्युनियरच्या घोगऱ्या आवाजात आहे. एकेकाळी पडद्यावर 'वुल्फ मॅन' (लांडगा-माणूस) साकारलेला हा नट, वय झालेला, पण मनापासून रंगून गातो. संगीत रोनाल्ड स्टाइनचं, त्याची बाकीची कामंही शोधून ऐका.