मदत हवी आहे: पुणे–गोवा सोलो याच नोव्हेंबरात, की वर्षभर थांबू?

तापीकाठ (अमळनेर):
डेक्कन क्लिफहँगरला, म्हणजे पुणे ते गोवा या साधारण 640 किमीच्या सायकल शर्यतीला, एकट्याने उतरायचा विचार आहे. आता जुलै चालू आहे. आठवड्याला 180 किमी होतात, एका दमात जास्तीत जास्त 130. सरासरी वेग ताशी 24. रात्री कधी चालवलेली नाही. गिअरच्या चाकांचे दात पुढे 50/34, मागे 11–28, टायर 25 मिमी. शंभरीनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. चार महिने पुरतील का?

सातपुडापायथा:
भाऊ, पाय चार महिन्यांत तयार होतील. हात, बूड, पोट आणि झोप यांचं सांगता येत नाही. या नोव्हेंबरात कुणाच्या तरी गाडीत क्रू (मदतनीस) म्हणून जा किंवा रिले टीममध्ये शिरा. सोलो पुढच्या वर्षी.

मधल्या काळात ब्रेव्हे करा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. वेळमर्यादा अशा: 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. चारही एकाच हंगामात झाल्या तर 'सुपर रँदोनर' हा किताब. हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे सप्टेंबरात केलेली 200 पुढच्या हंगामात धरत नाहीत.

600 चा हिशेब मांडा. चाक फिरतानाचा वेग 22 धरला तर सव्वासत्तावीस तास लागतात, हातात पावणेतेरा उरतात. त्यात तीन तास झोप. बाकीचे ढाब्यावर, पंक्चरमध्ये आणि 'जरा पाठ टेकतो' यात जातात. वेग 2 ने वाढवायला अख्खा हंगाम लागतो, दर थांब्याची दहा मिनिटं वाचवायला काहीच लागत नाही.

आणि ते 24 कुठल्या दिशेने मोजले? या दिवसांत वारा पश्चिमेचा. साक्रीकडच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. धुळ्याहून साक्रीकडे जाताना किती पडतात ते बघा, येतानाचा आकडा फसवतो.

चेनलिंक:
बोटांचं आधी बघा, 400 ला हे अंगाशी येतं. ती दोन बोटं म्हणजे तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दबते. बहुतेकदा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं, अंग पुढे घसरतं आणि भार हातांवर येतो. सीट पाणसळ लावून सपाट करा. तरी राहिलं तर स्टेम (हँडल धरणारा दांडा) 10 मिमी आखूड. एका वेळी एकच बदल, मग दोन लांब राइड, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. दर दहा मिनिटांनी पकड बदला.

मागच्या 28 दातांच्या चाकावर औट्रम घाट (चाळीसगाव–कन्नडचा) ताज्या पायांनी चढाल. तोच चढ 400 किमीनंतर आला तर गुडघे बोलतील. 11–32 किंवा 34 लावा, पण आधी मागचा डिरेलर (चेन गिअरवर सरकवणारा भाग) तेवढं पेलतो का विचारा. चेनही लांब लागेल. जुनीच ठेवून पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चाकावर टाकली तर हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, वाकतो. तुमच्या मॉडेलचा एक हँगर जवळ ठेवाच, तो वाटेतल्या गावात मिळत नाही.

टायर 28 मिमी करा. आपल्याकडे दोन वैरी: शेतरस्त्यांवर बाभळीचा काटा, हायवेला फुटलेल्या ट्रक टायरची बारीक तार. तार डोळ्याला दिसत नाही. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे अडकेल तिथे तार. चिमट्याने ओढा. हे न करता नवी ट्यूब घातली की पाच किमीवर तीही बसते.

केळीबाग:
खाणं: तासाला 60 ग्रॅम कार्ब. मध्यम केळ्यात 25 च्या आसपास, म्हणजे दोन केळी आणि वर थोडी चिक्की. भूक लागायच्या आधी, घड्याळ लावून. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण लिटरमध्येच, घट्ट केलं की पोट बिघडतं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं. अंगठी घट्ट व्हायला लागली, मळमळतंय, तर पाणी थांबवा. डोकं गरगरलं किंवा भान सुटायला लागलं तर दवाखाना. शेवभाजीची तर्री राइड संपल्यावर, भरवशाची ती मुगाची खिचडी.

तापीकाठ:
पटलं. पण सोलोचा निर्णय नेमका कधी घ्यायचा?

सातपुडापायथा:
300 नंतर. सकाळी 6 ला सुटलात तर हद्द पहाटे 2 ची, अंधार टळत नाही. दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी बघा: बोटं जागी आहेत, बुडाला फोड नाही, शेवटच्या 50 किमीतही खाल्लेलं पोटात राहिलं. तिन्ही जमल्या तर 400 ला नाव द्या. एकही हुकली तर ती दुरुस्त करून पुन्हा 300.

त्याआधी ऑक्टोबरात दोन-तीन रात्री घराजवळच्याच ओळखीच्या रस्त्यावर, सोबतीने. पुढे दोन दिवे, मागे दोन, रिफ्लेक्टर जॅकेट. ज्वारी-मका ऐन भरात असताना रानडुकरं रस्त्यावर येतात, उतारावर हात ब्रेकवर ठेवा.

चढासाठी शहाद्याहून तोरणमाळ, पहाटे निघून. वर थंडी वाजते, उतरताना छातीवर वर्तमानपत्र घाला.

चेनलिंक:
आणि ब्रेव्हे कार्ड, म्हणजे वाटेतल्या तपासणी ठिकाणी (कंट्रोलवर) शिक्के घ्यायचं कार्ड, झिपच्या पिशवीत. घामाने शिक्का पुसला की कंट्रोलवर वाद घालण्यात अर्धा तास जातो.