माइट घटले, तरी पंख मुडपलेल्या माश्या निघतच आहेत : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे मेलिफेरा मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत आणि प्रश्न त्यांतल्या एकीचाच आहे. २६ दिवसांपूर्वी तिच्या दारापुढच्या फळीवर काही कोवळ्या माश्या सरपटताना दिसल्या: पोट आखूड, रंग फिका, आणि पंख म्हणजे सुकून मुडपलेल्या दोन काड्या. हे पंख-विकृती विषाणूचे लक्षण आहे आणि तो प्रामुख्याने व्हरोआ माइटमार्फत (माश्यांवर जगणारा बारीक परजीवी) कोषापर्यंत पोहोचतो, एवढे मला ठाऊक होते. त्याच दिवशी पिलाव्याच्या (अंडी, अळ्या व कोष असलेल्या घरांच्या) चौकटीवरच्या सुमारे ३०० माश्या अल्कोहोलमध्ये धुऊन मोजणी केली, तेव्हा १५ माइट निघाले, म्हणजे शेकडा ५. माइट मारण्यासाठी लगेच ऑक्झॅलिक आम्लाची एक धुरी दिली. काल पुन्हा तेवढ्याच माश्या धुतल्या, तर ४ माइट मिळाले.

आकडा समाधानकारक आहे, पण काल सकाळीही तशाच सात माश्या फळीवर होत्या. कामकरी माशीचा कोष साधारण १२ दिवस मेणाच्या झाकणाखाली असतो. त्यामुळे धुरीपूर्वी बाधित झालेले कोष केव्हाच बाहेर पडून संपायला हवे होते. ऑक्झॅलिक आम्ल झाकणातून आत जात नाही आणि पिलावा भरलेला असताना निम्म्याहून अधिक माइट बंद घरांतच असतात, हे मला नंतर उमगले (धुरीची घाई केली, हे मान्यच आहे). म्हणजे माझी मोजणी फक्त माश्यांच्या अंगावरच्या माइटची असून खरा साठा अजून आतच आहे, असे समजावे का? की विषाणू आता दाई माश्यांनी भरवलेल्या अन्नातून अळ्यांपर्यंत जात असल्याने माइट नसतानाही विकृती दिसते आहे?

खात्री करण्यासाठी नरांचा बंद पिलावा उकरून पाहावा, असा विचार आहे, कारण माइट नरांची घरे अधिक पसंत करतात. पण या वसाहतीत सध्या नरांचा पिलावा जवळजवळ नाही. कामकरी माश्यांची किती घरे उघडली, तर अंदाज विश्वासार्ह ठरेल? झाकणातून आत पोहोचणारे फॉर्मिक आम्ल लगेच वापरावे, की राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून पिलावा संपल्यावर पुन्हा ऑक्झॅलिक द्यावे? विषाणूवर थेट औषध नाही, म्हणून ही दुबळी वसाहत धडधाकट वसाहतीत मिसळण्याचे मी तूर्त टाळले आहे. तो निर्णय योग्य आहे का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.