सडपातळ माणसाची साखर सीमारेषेवर : रोजच्या स्वयंपाकात काय बदलावं?

शेवंती_नाशिक

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज) ६.१ आलं, उपाशीपोटी साखर ११२. वय ४१, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.५, म्हणजे जाडा कोणी म्हणणार नाही. फक्त पोट थोडं सुटलंय. सासऱ्यांना मधुमेह होता, शेवटची वर्षं डायलिसिसवर गेली. त्यामुळे रिपोर्ट बघून सासूबाई फार घाबरल्यात. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. आहार-व्यायाम सांभाळा आणि तीन महिन्यांनी परत तपासा, म्हणाले.

सकाळी पोहे किंवा उपमा, डब्यात पोळी-भाजी, रात्री साडेनऊ-दहाला पोळी, भाजी, वरण-भात. शाकाहारी आहोत, अंडं चालतं. गोड म्हणजे फक्त चहा, पण तो चार वेळा, दोन-दोन चमचे साखर घालून. सोमवार आणि चतुर्थीचा उपास. घरात दोन वेगळे स्वयंपाक होणार नाहीत. महागडं काही न आणता नेहमीच्या सामानात काय बदलता येईल? आणि अशा माणसाने वजन कमी करायचं की नाही?

कृष्णाकाठ

शेवंतीताई, वजनाचं आधी सांगतो, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर आयुष्य घातलंय. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात, असा बांधा सर्रास असतो. म्हणून काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. वजन उतरवण्याच्या मागे लागून त्यांना उपाशी ठेवू नका, उरलेसुरले स्नायूही जातील.

आहारतज्ज्ञ_सातारा

वर कृष्णाकाठ यांनी लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. मी रोज असेच रिपोर्ट बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या ताटात वाईट काहीच नाही. पण पोहे, पोळी, भात सगळं पिठूळ, आणि प्रथिनं जवळजवळ फक्त वरणात, तीही पातळ वरणात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट उसळीच्या वाटीतही साधारण तेवढीच. आता त्यांच्या दिवसाचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून पहिला बदल: मटकी, मूग, चवळी, हरभरा यांपैकी एकाची उसळ रोज, आणि चमचाभर नाही तर वाटी भरून. डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या आणि उसळ. पोहे करा, पण निम्मे पोहे आणि निम्मे मटार, गाजर, मोडाचे मूग, सोबत उकडलेलं अंडं. मुगाचं धिरडं, थालीपीठ, पिठलं हे सगळं पूर्वापार आपल्याच घरातलं आहे, ते आठवड्यात जास्त वेळा येऊ द्या.

ज्वारीच्या भाकरीबद्दल लोक मला सांगतात की ती कितीही खाल्ली तरी चालते. तसं नाही. भाकरीत चोथा जास्त, पोट भरलेलं राहतं, म्हणून ती चांगली. पण पीठ ते पीठच. एक भाकरी, दोन वाट्या भाजी-उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी. नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

चहा मात्र मला खरोखर काळजीचा वाटतो. चार कप, दोन चमचे म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम साखर. गूळ घालून काही साधत नाही, रक्तात तोही साखरच होतो. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला सवय होते.

रात्रीचं जेवण आठला येऊ शकलं तर सोन्याहून पिवळं. ऑफिसमुळे जमणार नसेल, तर संध्याकाळी सहाला मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि ताक, आणि रात्री घरी हलकं.

बिनीचा_शिलेदार

ओळखीच्या कोणी मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभूळबियांची भुकटी सांगितली तर त्याच्या भरवशावर राहू नका, एवढंच सांगायला आलो.

आणि ज्याचा भरवसा धरावा असं खूप आहे. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, २००२ चा, आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि ७ टक्के वजनघट एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्के. आपल्या लोकांवरचा अभ्यास चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जीवनशैलीतल्या बदलाने २८.५ टक्के घट झाली, गोळीने २६.४. आकडा अमेरिकेपेक्षा लहान आहे, पण वजन फारसं न उतरताही फायदा झाला. तुमच्या यजमानांना हा अभ्यास जास्त लागू पडतो.

चालण्यासोबत आठवड्यातून दोनदा जोर-बैठका, जिना, डंबेल्स, काहीतरी ताकदीचं हवंच. खाल्लेली साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात. आणि जेवल्यावर लगेच सोफ्यावर नको, दहा-पंधरा मिनिटं शतपावली.

मालवणी_मिरग

आमच्याकडे भात सोडा म्हटलं तर माणूस जेवणच सोडेल. आईने भाताची मूद निम्मी केली, बांगडा-तारली आणि पालेभाजी वाढवली, बटाट्याची भाजी आणि भात एका ताटात येणं बंद केलं. बाबांची साखर पुष्कळ आटोक्यात आली. तुम्ही शाकाहारी आहात, पण गणित तेच.

प्रयोगशाळेतून

एक तांत्रिक गोष्ट. रक्तात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वर दिसू शकतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), आणि शाकाहारी आहात म्हणून बी-१२ एकदा तपासून घ्या. उपाशीपोटीची ११२ बघता सीमारेषा खरीच असणार, तरी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीची तपासणीही सोबतच करा, ही दुखणी एकमेकांचा हात धरून येतात. सासूबाईंच्या हातचं लोणचं, पापड, सांडगी मिरची रोज ताटात असेल तर मीठ मोजा. दिवसभरात सगळं धरून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा.

शेवंती_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. उसळ रोज करायची म्हटल्यावर त्यांनी लगेच मटकी भिजत घातली. टेपने कंबर मोजली, ९४ भरली. उपासाचं मात्र कोणी लिहिलं नाही. साबुदाण्याची खिचडी आठवड्यातून एकदा चालेल ना?

आहारतज्ज्ञ_सातारा

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. दाण्याचा कूट आणि तूप घातल्याने साखर थोडी सावकाश चढते, पण वाटी कितीची होते ते बघा. त्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, भगर आणि घट्ट दाण्याची आमटी, दही-काकडी, एखादं फळ. राजगिऱ्यात प्रथिनंही चांगली असतात. खिचडी आवडतच असेल तर महिन्यातून एखाद्या चतुर्थीला, छोटी वाटी. आणि उपास सोडताना रात्री दहाला पुरणपोळी-श्रीखंडाचं ताट नको. वरण-भात, भाजी, कोशिंबीर पुरे. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला की इथेच टाका, मी बघीन.