सेव्ह केलं की टेस्ट आपोआप चालाव्यात, पण सर्व्हरही आपोआप रिस्टार्ट व्हावा का?

जोडभावी पेठ
ऑफिसात गेल्या आठवड्यात यावरून बरीच वादावादी झाली, म्हणून इथे मांडतो. आम्ही सहा जण यंत्रमाग कारखान्यांसाठी मजुरीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो, नोडवर (जावास्क्रिप्टचा कोड चालवणारा प्रोग्राम). माझं म्हणणं असं की कोडची फाइल सेव्ह झाली की टेस्टही (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालल्या पाहिजेत आणि सर्व्हरही रिस्टार्ट झाला पाहिजे. सगळ्यांच्या मशीनवर, सक्तीने.

मागच्या महिन्यात टॉवेलच्या पीस रेटमधली (नगामागे मजुरी) एक चूक शोधण्यात माझा दीड तास गेला. रेट बदलून बघितला, ओळीओळीला काय चाललंय ते छापणारे लॉग टाकले, एकही छापेना. शेवटी लक्षात आलं, सर्व्हर सकाळचाच कोड चालवतोय. नोड फाइल एकदा मेमरीत घेतो, मग डिस्कवर काय बदललं ते बघायला येत नाही. रिस्टार्ट करायचं मी विसरलो होतो, आणि माणूस विसरणारच.

माझे वडील मागावर होते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पट्टी लटकलेली असायची. धागा तुटला की पट्टी खाली पडायची आणि माग जागच्या जागी थांबायचा. ज्या जुन्या मागांना ही सोय नव्हती, तिथे कुणाचं लक्ष जाईपर्यंत चादरीत हातभर रेघ पडलेली असायची. टेस्ट म्हणजे माझ्या दृष्टीने ती पट्टी आहे. ती सतत धाग्यावरच असायला हवी, दिवसातून एकदा आणून लावायची वस्तू नव्हे.

भवानी पेठ
दादा, उदाहरण उत्तम दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. पट्टी पडली की माग *थांबतो*. परत चालू तो आपला आपण होत नाही. विणकर येतो, धागा सांधतो, मग चालू करतो. टेस्ट आपोआप चालवा, माझी ना नाही. रिस्टार्ट मात्र माणसाच्या हातात हवा.

हे भोगलंय म्हणून सांगतो. एका ग्राहकाच्या चालू सर्व्हरवर आमच्यातल्या कुणीतरी नोडमॉन, म्हणजे फाइल बदलली की सर्व्हर रिस्टार्ट करणारा प्रोग्राम, तसाच ठेवला होता. पगाराच्या दिवशी गिट पुल करून नवा कोड आणला आणि त्याला लागणारी तयार पॅकेजं उतरवायला एनपीएम इन्स्टॉल लावलं. इन्स्टॉल पुरं व्हायच्या आत नोडमॉनने नवा कोड उचलला, त्याला लागणारं पॅकेज सापडेना, सर्व्हर कोसळला. कोसळल्यावर नोडमॉन पुढची फाइल बदलायची वाट बघत बसतो, आणि पॅकेजं जिथे उतरतात त्या नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरकडे तो मुळात बघतच नाही. त्यामुळे पॅकेज येऊन पडलं तरी सर्व्हर मेलेलाच. इन्स्टॉल झालं म्हणून आम्ही निर्धास्त, आणि तिकडे कारखान्यात माणसं रांगेत उभी.

दुसरं, सक्ती नको. काहींना दर दोन ओळींनी सेव्ह करायची सवय असते. अर्धवट कोडवर टेस्ट नापास होऊन त्यांची स्क्रीन दिवसभर लाल, आणि मग लाल दिसूनही न बघायची सवय लागते.

अक्कलकोट रोड
लाल दिसण्याबद्दल मला पटलं नाही. मला नोकरीला लागून आठच महिने झालेत. जेस्ट हा टेस्ट चालवणारा प्रोग्राम वॉच मोडवर (फाइलींवर सतत नजर) लावला की शेवटच्या कमिटनंतर, म्हणजे गिटमध्ये शेवटची नोंद केल्यानंतर, ज्या फाइल बदलल्या, त्यांच्याशी संबंधित टेस्ट तेवढ्याच चालवतो. मी काय मोडलं ते दोन सेकंदांत कळतं, तेव्हा ती ओळ अजून डोक्यात असते. संध्याकाळी सगळ्या टेस्ट एकदम चालवल्या असत्या तर प्रत्येक वेळी सीनियरकडे जावं लागलं असतं. मी याच लालवर शिकलोय.

विजापूर रोड
वाद चालू द्या, पण सक्ती करण्याआधी एक गोष्ट बघा. लिनक्सवर हे सगळं आयनोटिफायवर (फाइल बदलल्याची खबर देणारी सोय) चालतं, २००५ पासून, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल २.६.१३ मध्ये आलं तेव्हापासून. त्यात प्रत्येक फोल्डरला वेगळा वॉच लागतो, आणि जुन्या कर्नलवर एका युजरला मिळून मर्यादा ८१९२ ची. आमचा वॉचर (फाइलींवर नजर ठेवणारा प्रोग्राम) नोड मॉड्यूल्ससकट सगळं बघत होता, ती मर्यादा संपली. एरर काय आली, तर जागा शिल्लक नाही! आम्ही तासभर डिस्कवरच्या फाइल उडवत बसलो. कर्नल ५.११ पासून मर्यादा मशीनच्या रॅमवर ठरते, पण सगळ्यांकडे नवं मशीन कुठे असतं? विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांनी प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नये. तिथल्या बदलांची खबर लिनक्सच्या बाजूला पोचत नाही आणि वॉचर नुसता बसून राहतो.

जोडभावी पेठ
भवानी पेठ, मागाचं बोलणं मान्य. ग्राहकाच्या सर्व्हरवर वॉचर नको, हे उद्याच लिहून लावतो. पण माझ्या टेबलावरच्या सर्व्हरमध्ये ग्राहकाचं कापड विणलं जात नाही. तिथे जुना कोड चालू राहणं हीच मोठी चूक, म्हणून तिथे रिस्टार्ट आपोआपच राहणार. टेस्टच्या सक्तीवरूनही मी हटत नाही.

भवानी पेठ
टेबलावर चालेल. पण त्याआधी मजुरीच्या हप्त्याची नोंद ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, म्हणजे ती होईल तर पुरी, नाहीतर मुळीच नाही. नाहीतर नोंद निम्म्यात असताना रिस्टार्ट झाला तर टेबलावरही अर्धाच डेटा उरतो, आणि मग नसलेली चूक शोधण्यात आणखी दीड तास जाईल.