'फाशी झाली' म्हणजे नक्की काय झालं?

कृष्णाकाठ (मिरज)

माझं मिरजेत फ्लेक्सचं दुकान आहे. परवा रात्री साडेअकराला शटर ओढत होतो तेवढ्यात सात-आठ पोरं आली. आमच्या बाजूच्या एका गावात एका मुलीचा खून झालाय. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरात अजून चूल पेटलेली नाही. दुसऱ्या दिवशी मूक मोर्चा, सकाळी सातच्या आत दहा बाय आठचे सहा बोर्ड पाहिजेत म्हणाले. मजकूर व्हॉट्सॲपवर आला तो असा: "नरधमास फाशी झालीच पाहिजे". माझ्या ऑपरेटरनं काना दिला, पण एक घर पुढं. "नरधामास फाशी". दोन बोर्ड मशीनमधनं बाहेर आले तेव्हा दिसलं. चारधाम असतं तसं नरधाम! पोरांतल्या एकालाही हसू आलं नाही, म्हणून मीही हसलो नाही. गपचूप दोन्ही पुन्हा काढून दिले.

आता खरा प्रश्न. दुकानात एक रिटायर मास्तर बसले होते. ते म्हणाले, "फाशी झाली पाहिजे" हे मराठी नव्हे, "दिली पाहिजे" असं लिहा. एक पोरगा म्हणाला, फाशी गावंढळ वाटतं, "मृत्युदंड" टाका. बरोबर काय? आणि देहदंड, देहान्त, मृत्युदंड, फाशी हे सगळं एकच का?

खिळेजुळारी (सातारा)

मास्तरांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं पटत नाही. दोन्ही अस्सल मराठी आहे. "दिली" म्हटलं की देणारा कोणी लागतो: सरकार, न्यायाधीश, राजा. "झाली"ला देणारा लागत नाही. पाऊस झाला, लग्न झालं, माती झाली. मोर्चातला माणूस कायद्याच्या कलमाशी बोलत नसतो, एक गोष्ट घडून यावी एवढंच त्याला हवं असतं. त्यामुळे बोर्डावर "झालीच" येणार. बातमीत मात्र हाच शब्द घात करतो. तिकडे शेवटी येतो.

आधी फाशी. संस्कृत पाश, त्याचा आपल्याकडे फास झाला, त्यावरून फाशी. दोरीचं नाव आहे ते. रानात फासे लावून तितर-लाव्हे धरणारे म्हणून फासेपारधी. सापळ्याची दोरी ती, माणसाच्या गळ्यात गेली की शिक्षा म्हणायची. मृत्युदंडात दोरी दिसत नाही, फक्त दंड दिसतो. म्हणून सरकारी कागदाला तो शब्द बरा वाटतो आणि मोर्चाला फिका. (लिहिणार असाल तर ह्रस्व लिहा: मृत्यू एकटा असला की दीर्घ, दंडाला जोडला की मृत्युदंड. या एका उकारापायी मी गॅलीप्रुफांवर निम्मी लाल शाई संपवली.)

देहदंड म्हणजे देहाला दंड. आता देहान्त. हा शब्द आमच्या गावाचा आहे, म्हणून जरा बसून सांगतो.

साताऱ्यापासून कोसभरावर माहुली. कृष्णा आणि वेण्णा तिथे मिळतात. आमच्याकडे कुणी गेलं की मातीला माहुलीलाच जातात. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. "नारायणरावास धरावे" या चिठ्ठीत ध चा मा करून "मारावे" केलं, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकली आहे. इतिहासवाले तिला आख्यायिका म्हणतात, तरी मुद्रितशोधकाला ती रोज आठवते. कृष्णाकाठ, तुमच्या एका कान्यानं बोर्ड वाया गेला, तिथे एका अक्षरानं माणूस गेला असं लोक अडीचशे वर्षं मानत आलेत.

आता शब्द बघा. या खुनासाठी रामशास्त्र्यांनी नारायणरावाच्या काकाला, राघोबादादाला सांगितलं ते "देहान्त प्रायश्चित्त". शिक्षा नव्हे, प्रायश्चित्त. शिक्षा बाहेरून होते. प्रायश्चित्त ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, आणि त्यासाठी आधी "मी केलं" हे कबूल असावं लागतं. राघोबादादानं ते घेतलं नाही, शास्त्रीबुवा पद सोडून निघून गेले. आजच्या कुठल्याही मोर्चात प्रायश्चित्त हा शब्द दिसणार नाही. समोरच्याला पश्चात्ताप व्हावा अशी अपेक्षाच कोणाला उरलेली नाही, आणि ज्याच्या घरात घडलंय त्यानं ती का ठेवावी, हेही खरंच.

एक गंमत अजून. गंमत म्हणवत नाही, पण शब्दांची आहे. साताऱ्यात गेंडामाळ आहे. 1857 मध्ये इंग्रजांनी तिथे सतरा जणांना मारलं. काही फाशी, काही गोळ्या घालून, काही तोफेच्या तोंडी. त्यांच्याबद्दल आपण म्हणतो "ते फासावर गेले". स्वतः चालत. खुन्याला मात्र आपण "फासावर लटकवतो", नाहीतर "चढवतो". दोरी तीच. क्रियापदावरून कळतं आपण कुणाच्या बाजूचे. मारण्याचंही तसंच. प्रतापगडावर 10 नोव्हेंबर 1659 ला झाला तो अफजलखानाचा "वध". कुणी खून म्हणून बघा, माझ्या प्रेसच्या काचा राहणार नाहीत. नारायणरावाचा मात्र "खून". आणि आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घालून मारले गेले, तिथे बहुतेक ठिकाणी "हत्या". खून फारसीतून आला, तिकडे त्याचा अर्थ रक्त. आपण रक्ताला रक्तच म्हणत राहिलो आणि खून फक्त मारण्याला ठेवला. कोण मेला आणि का मारला याचं वजन दाखवायचं असलं की लेखणी आपोआप हत्येकडे वळते. गरिबाचा बांधावरच्या भांडणात होतो तो खूनच.

वाळव्याचा

वाचलं सगळं. भारी आहे. पण ज्याच्या घरातली पोरगी जाते त्याला ह्रस्व-दीर्घ नका शिकवू. आमच्याकडे लोक सरळ म्हणतात, चौरंगा करा चौकात. शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचा केला तसा. वकील नको, तारीख नको.

खिळेजुळारी (सातारा)

राग मान्य, दादा. शिकवत नाही, विचारलं म्हणून सांगितलं. पण चौरंगा म्हणजे हातपाय कलम करणं, जीव घेणं नव्हे. पाटलाला महाराजांनी जिवंत ठेवला होता. म्हणजे चौरंगा मागणारे फाशीपेक्षा वेगळीच शिक्षा मागतात, फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही. आणि "कलम" बघा: मान कलम, आंब्याचं कलम, कायद्याचं कलम, सगळी एकाच बोरूची पोरं. बोरू छाटल्याशिवाय लेखणी होत नाही.

तुमच्या वाळव्याच्या मातीतला एक शब्द तर मीच मागणार होतो. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात, 1942 नंतर, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी गावगुंडांना शिक्षा दिली, तिला लोक "पत्री मारणं" म्हणत. तळपायावर मार. घोड्याच्या खुराला पत्री ठोकतात, त्यावरून. लोकांनी अख्ख्या सरकारलाच पत्री सरकार म्हटलं. शिक्षेवरून सरकारला नाव पडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

वकीलबाई (कराड)

खिळेजुळारी काका "झाली"कडे शेवटी येतो म्हणाले आणि पत्रीवर गेले. म्हणून मी येते.

काही वर्षांपूर्वी सेशन कोर्टात एका खटल्याचा निकाल लागला. मी सरकारी बाजूला नव्हते, आरोपीकडेही नव्हते, दुसऱ्या कामासाठी बाहेर बाकावर बसले होते. निकाल ऐकून मयत मुलीचे वडील बाहेर आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. पत्रकारांनी घेरलं, "फाशी झाली, काय वाटतं?" ते काही बोलले नाहीत. गर्दी पांगल्यावर माझ्या काळ्या कोटाकडे बघून जवळ आले आणि म्हणाले, "बाई, झाली म्हणजे झाली न्हवं? का अजून व्हायचीय?"

मराठीत "फाशी झाली" निकालाच्या दिवशीही म्हणतात आणि दोर ओढल्यावरही. मध्ये काय असतं ते सांगते. सेशन कोर्टाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आरोपीनं अपील केलं नाही तरी. मग सर्वोच्च न्यायालय, पुनर्विचार, मग राज्यपाल, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. आमच्या शेजारच्या कोल्हापूरचं बालहत्याकांड आठवा. दोघी बहिणींना 2001 ला "फाशी झाली". 2006 ला सर्वोच्च न्यायालयातही "फाशी झाली". 2014 ला राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, पेपरात पुन्हा "फाशी होणार". जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं त्या शिक्षेची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं वर्षानुवर्षं काढली. एकवीस वर्षांत मराठी पेपरांनी किती वेळा "झाली" लिहिलं असेल!

महाराष्ट्रात फाशी द्यायची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच तुरुंगांत आहे. येरवड्यात 21 नोव्हेंबर 2012 ला कसाब, नागपुरात 30 जुलै 2015 ला याकूब मेमन. त्या दोन दिवशी "झाली" हा शब्द पूर्ण खरा होता.

म्हणून माझं म्हणणं: निकालाला "फाशी सुनावली" लिहा, हायकोर्टाला "कायम केली", आणि "दिली" फक्त शेवटी. मी स्वतः या शिक्षेच्या विरोधात आहे, लपवत नाही. पण बाजूची असते तरी हेच सांगितलं असतं. "झाली" ऐकून घरी गेलेल्या माणसाला आठ वर्षांनी फोन करून "बदलली" सांगायचं, हे काम कुणीतरी वकीलच करतो.

जन्मठेपेचंही तेच. चौदा वर्षं म्हणजे जन्मठेप असं चहाच्या टपरीवर सगळे सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्येच म्हटलंय की जन्म म्हणजे उरलेला सगळा जन्म. चौदाचा आकडा 1978 च्या दुरुस्तीतला: काही गुन्ह्यांत चौदा वर्षं पूर्ण होण्याआधी सोडताच येत नाही. तो उंबरठा आहे, लोकांनी त्याला दार समजलं. दाभोलकर खटल्यात 10 मे 2024 ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. तेव्हा साताऱ्यातल्याच एकानं मला विचारलं, "म्हणजे चौदाच ना?"

आणि "दुर्मिळातील दुर्मिळ". 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून आलेले शब्द. जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे संपला असेल तेव्हाच फाशी, असा त्याचा अर्थ. दर सहा महिन्यांनी पेपरात "दुर्मिळातील दुर्मिळ" वाचून मला तो शब्द आता मुळीच दुर्मिळ वाटत नाही.

वाळव्याचा

वकीलबाई, त्या म्हाताऱ्याला तुम्ही काय सांगितलं?

वकीलबाई (कराड)

मी "अजून व्हायचीय" म्हणाले. ते मान हलवून एसटीला गेले. त्या दिवशी मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

कृष्णाकाठ (मिरज)

सगळ्यांचे आभार. मोर्चा झाला, मूकच झाला. माझ्या दुकानावरून गेला तेव्हा आम्ही शटर अर्धं खाली केलं. बोर्डावर "झालीच" होतं. पोरांना काल सांगून बघितलं की निकाल लागला की "सुनावली" लिहू. ती म्हणाली, लिहा काय लिहायचं ते, "च" काढू नका.

आज मुलीचे वडील स्वतः आले होते. त्यांना दुसरा बोर्ड पाहिजे होता, छोटा, तीन बाय दोनचा, दशक्रियेचा. नदीघाट, सकाळी आठ. फोटो खाली ठेवा म्हणाले, नाव मोठं करा. मी नाव तीनदा वाचून घेतलं, काना-मात्रेसकट.