रेसिंगने रस्त्यावरच्या गाडीला काहीच दिलं नाही?

अर्धाक्लच:
'ट्रॅकवरून थेट रस्त्यावर ही निव्वळ जाहिरात, रेसिंगने रस्त्यावरच्या गाडीला काहीही दिलेलं नाही' अशी पोस्ट काल वाचली आणि डोकंच फिरलं. काहीही? १९५३ साली जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेक लावून ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली आणि जिंकली. जुन्या बंद डब्यासारख्या ड्रम ब्रेकवाल्यांचे ब्रेक तापून ढिले पडायचे, त्यांना वळणाच्या कितीतरी आधी वेग मोडावा लागायचा. जॅग्वारवाले उशिरा पाय द्यायचे, तेही रात्रभर. दोनच वर्षांत सित्रोएन डीएस या घरगुती गाडीला पुढे डिस्क आल्या. कार्बन फायबर घ्या. १९८१ ची मॅक्लारेन एमपी४/१, फॉर्म्युला वनची गाडी, सांगाडाच कार्बन फायबरचा. त्याच वर्षी इटलीत मोंझाच्या शर्यतीत तिचा चालक जॉन वॉटसन याच्या गाडीचं इंजिन मागून तुटून वेगळं झालं आणि हा माणूस चालत बाहेर आला. ११ वर्षांनी तसाच सांगाडा मॅक्लारेनच्याच रस्त्यावरच्या 'एफ१' गाडीत होता.

टर्बोलॅग:
ती पोस्ट माझीच. डिस्क ब्रेक आधी विमानात होते, डनलॉपने तिथूनच आणले. टर्बो? एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा हा पंखा घेऊन ओल्ड्समोबिल जेटफायर १९६२ साली दुकानात होती, रेनोने फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला १९७७ ला. चाकं जाम होऊ न देणारं एबीएस १९७८ ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, शर्यत कुठेच नाही. शोध दुसऱ्यांचे, झेंडा रेसिंगचा.

अर्धाक्लच:
पहिला कोण हा प्रश्नच नाही हो. विमानाचा ब्रेक उतरताना एकदा जोरात लागतो, मग थंड व्हायला वेळ मिळतो. ल माँत दर फेरीला, २४ तास. रेनोचा टर्बो सुरुवातीला इतक्यांदा धुरात बंद पडला की त्या गाडीला 'पिवळी किटली' म्हणायचे. दोन वर्षांनी रेनोचीच टर्बो गाडी फ्रान्समध्ये दिजोंला जिंकली. शोध कुठलाही असो, तो भाजून पक्का होतो तो इथेच.

कंबरदुखी:
मला या रेसिंगच्या वेडाने काय दिलं ते सांगतो. 'स्पोर्ट' व्हर्जन घेतलं. २० इंची रिम, टायरची कड जेमतेम तीन बोटं, सस्पेन्शन दगडासारखं. एका खड्ड्यात टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला. टायरवाला म्हणाला, आतले धागे तुटलेत, फेकून द्या. रिमलाही पोचा. आई आता मागच्या सीटवर बसत नाही, पाठ धरते. हे चपटे टायर कुणाला हवेत?

टर्बोलॅग:
हेच! रेसिंगचं सोंग.

अर्धाक्लच:
थांबा. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पर्यंत १३ इंची रिम होत्या, फुगीर टायर. निम्मं सस्पेन्शन म्हणजे तो टायरच होता. २०२२ ला १८ इंची आल्या, त्याही रस्त्यावरच्या टायरशी साम्य हवं म्हणून. चपटे टायर रेसिंगच्या माथी मारू नका.

टर्बोलॅग:
म्हणजे रस्त्याने रेसिंगला दिलं! तुमच्याच तोंडून आलं. आणि फॉर्म्युला वन म्हणजेच रेसिंग असं कुणी ठरवलं? ल माँच्या गाड्यांवर १८ इंची रिम आधीपासून आहेत. सोयीचं तेवढं उचलायचं, ही तुमची जुनी सवय.

अर्धाक्लच:
सवयीवर येऊ नका, मुद्द्यावर बोला.

कंबरदुखी:
माझ्या आईच्या पाठीबद्दल कुणीच बोलत नाहीये.

पेडलतळ:
मी बोलतो, पण आधी ब्रेक. रोजची गाडी ट्रॅकवर नेली होती. पाचव्या फेरीत पेडल थेट तळाला. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, ओल धरलेलं फ्लुइड लवकर उकळतं, वाफ दबते आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. दोनतीनदा पंप केल्यावर कसाबसा ब्रेक लागला, हात नंतर तासभर थरथरत होते. तेव्हापासून चांगल्या गाड्यांत ब्रेक थंड ठेवायला त्यांच्याकडे हवा नेणाऱ्या वाटा आधी बघतो. मात्र ट्रॅकवरचं जसंच्या तसं रस्त्यावर चालत नाही, हे टर्बोलॅगचं खरं. फॉर्म्युला वनच्या कार्बन डिस्क थंड असताना धरतच नाहीत. म्हणून २००१ च्या पोर्श ९११ जीटी२ ला थंड असतानाही धरणारे कार्बन-सिरॅमिक ब्रेक द्यावे लागले.

टर्बोलॅग:
मर्सिडीजच्या एएमजी वन या रस्त्यावरच्या गाडीचंही तेच. फॉर्म्युला वनचं १.६ लिटर इंजिन रस्त्यावर आणायला वर्षानुवर्षं गेली, आणि ५०,००० किलोमीटरला ते उघडावं लागतं. कुणाच्या कामाचं?

अर्धाक्लच:
त्याच इंजिनातली, टर्बोच्या दांड्यावर मोटर बसवायची कल्पना २०२२ च्या मर्सिडीज एसएल ४३ मध्ये आली. एक्झॉस्टचा जोर यायच्या आधीच टर्बो फिरायला लागतो. टर्बोलॅग म्हणजे टर्बो जागा व्हायला लागणारा उशीर, तुमचं टोपणनावच त्याने निकालात काढलं.

टर्बोलॅग:
बरं, ती मोटर तुमची. 'काहीही' हा शब्द मागे घेतो. डिस्क ब्रेक विमानाचेच.

पेडलतळ:
कंबरदुखी, रिम मोठी होण्यामागे एक कारण ब्रेकच आहे. मोठ्या डिस्कला आत जागा लागते. १८ इंची रिम आणि जाड कडेचा टायर घ्या, बाहेरचा एकूण व्यास तोच ठेवा. आधी चाक काढून कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, आणि रिम यांच्यात किती जागा आहे ते मोजा, पुढचं चाक आधी, कॅलिपर तिथेच मोठा असतो.

कंबरदुखी:
रविवारी मोजतो. आकडे इथेच टाकतो.